जिंका, पण बेतानं

न्यूयॉर्कला गेलेली बरीच मराठी माणसं वाट वाकडी करून कोलंबिया विद्यापीठात जाऊन येतात. डॉ. आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले. लेहमन ग्रंथालयातल्या त्यांच्या अर्धपुतळ्यापुढे दोन मिनिटं उभं राहायचं, फोटो काढायचा आणि एकशे सोळाव्या रस्त्यावरच्या स्टेशनातून परतीची गाडी धरायची. तीच एक नंबरची गाडी उलट्या दिशेनं, उत्तरेकडे धरली तर ती बोगद्यातून बाहेर पडते, उंच लोखंडी पुलावरून हार्लेमवर एक नजर टाकू देते आणि पुन्हा जमिनीत शिरते. मग येतं ‘एकशे सदतीसावा रस्ता – सिटी कॉलेज’. पुतळ्यापासून अवघी दोन स्टेशनं. पर्यटक तिथे फारसे उतरत नाहीत. तिथे बघण्यासारखं काही आहे, असं कुणी सांगितलेलंच नसतं.

उतरून टेकडी चढली की पांढऱ्या टेराकोटाची किनार लावलेल्या काळ्या दगडी इमारती दिसतात. थाट जुन्या इंग्रजी विद्यापीठाचा, खर्च सरकारी, साल १९०७. कॉलेज मात्र त्याहून साठ वर्षांनी जुनं. टाउनसेंड हॅरिस या व्यापाऱ्यानं (पुढे हाच जपानमधला अमेरिकेचा पहिला वाणिज्यदूत झाला) हट्ट धरला, की न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची आणि गरिबांची पोरं एकाच वर्गात बसली पाहिजेत. १८४७ साली शहरानं मतदान घेऊन त्याला होकार दिला. नाव ठेवलं ‘फ्री अकॅडमी’. फ्री म्हणजे खरोखर फुकट. फी शून्य. मात्र शाळेतले गुण भक्कम हवेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात या टेकडीवर जी मुलं चढत होती, त्यांतली बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली. बाप शिंपीकाम करणारा नाहीतर हातगाडीवाला. कोलंबियासारख्या विद्यापीठांनी १९२० च्या दशकात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखून धरली होती, त्यामुळे हुशार आणि गरीब मुलाला हाच रस्ता उरे. लोक या कॉलेजला गरिबांचं हार्वर्ड म्हणत. पोलिओची लस शोधणारा जोनास सॉल्क इथलाच. कॅन्टीनमध्ये भिंतीलगत कोनाडे होते. एका कोनाड्यात ट्रॉट्स्कीवाले बसत, शेजारच्या कोनाड्यात स्टालिनवाले, आणि डबा खाताखाता जगाच्या क्रांतीवरून घसे बसेपर्यंत भांडणं चालत. वसतिगृह नाही, हिरवळ बेताची. सगळे भुयारी रेल्वेनं यायचे आणि संध्याकाळी भुयारी रेल्वेनं घरी जायचे.

अशा कॉलेजानं १९५० सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी दोन्ही. तसं त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही कुणी केलेलं नाही. अकरा महिन्यांत त्याच संघातल्या मुलांना पोलिसांनी गाडीतून उतरवून चौकशीला नेलं. ही गोष्ट ‘मोठे झाले आणि घसरले’ या चालीवर सांगण्याचा मोह होतो. पण कागद वाचत गेलं की माझी नजर मुलांवरून सरकते आणि त्यांच्या भोवती बसलेल्या बाजाराकडे जाते.

*

बास्केटबॉल हा मुळात अडचणीच्या जागेतला खेळ. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नायस्मिथनं तो शोधला, तोच मुळी बर्फामुळे मुलं घरात अडकली म्हणून. न्यूयॉर्कच्या दाट वस्त्यांना तो चटकन मानवला. क्रिकेट नाहीतर बेसबॉलला मैदान लागतं. इथे भिंतीला एक कडं आणि एक चेंडू पुरे. आपल्याकडे चाळीच्या पॅसेजमध्ये जसं क्रिकेटचं वेगळंच शास्त्र तयार झालं, तसं तिथल्या अरुंद जिम्नॅशियमांत बास्केटबॉलचं झालं: उंची कमी, जागा कमी, म्हणून चेंडू हातात ठेवायचाच नाही. द्यायचा, पळायचं, परत घ्यायचा.

हे शास्त्र सिटी कॉलेजात रुजवलं नॅट होल्मन यांनी. १८९६ चा जन्म, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या ज्यू वस्तीत वाढलेले. १९१९ पासून ते सिटीचे प्रशिक्षक होते आणि १९२० च्या दशकात त्याचबरोबर ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या गाजलेल्या व्यावसायिक संघाकडूनही खेळत. ‘मिस्टर बास्केटबॉल’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली. आपल्या वस्ताद मंडळींसारखाच त्यांचा दबदबा होता. मुलांशी लाडीगोडी नाही, चूक दिसली की सगळ्यांदेखत काढायची. मुलं त्यांना घाबरत. पुढे काय झालं ते पाहता ही भीती महत्त्वाची वाटते. अडचणीत सापडलेला मुलगा कोणाकडे जाऊन मन मोकळं करणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

सिटीचे मोठे सामने कॉलेजात होत नसत. ते होत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, म्हणजे आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर, एकोणपन्नास आणि पन्नासाव्या रस्त्यांच्या मध्ये तेव्हा असलेल्या जुन्या सभागृहात. अठरा हजार माणसं बसायची. नाव गार्डन, पण आत सिगारेटच्या धुराचे ढग. ही कल्पना नेड आयरिश या खेळ-पत्रकाराची. एका कॉलेजच्या खचाखच भरलेल्या जिमखान्यात सामन्याची बातमी करायला तो खिडकीतून शिरला आणि त्याची पँट फाटली, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, हिशेब खरा होता. २९ डिसेंबर १९३४ ला त्यानं गार्डनमध्ये एका संध्याकाळी दोन सामने लावले आणि सोळा हजारांवर प्रेक्षक आले. त्यानंतर आयरिश श्रीमंत झाला, गार्डन श्रीमंत झालं, कॉलेजांच्या क्रीडा विभागांकडे तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा येऊ लागला. खेळणाऱ्यांना नियमानं काहीच घेता येत नव्हतं. ते हौशी होते.

आणि एक चौथा गट होता, ज्याचं नाव तिकिटावर नव्हतं.

बास्केटबॉलवर पैसे लावण्यात एक अडचण होती. बलाढ्य संघ आणि लिंबूटिंबू संघ यांच्यात कोण जिंकणार हे सगळ्यांनाच ठाऊक, मग पैज लावणार कोण? १९४० च्या दशकात ही अडचण सुटली. शिकागोतल्या चार्ल्स मॅकनील नावाच्या, कधीकाळी गणित शिकवलेल्या माणसाकडे त्याचं श्रेय जातं. पैज विजयावर लावायची नाही, फरकावर लावायची. बुकी सांगणार, सिटी दहा गुणांनी जिंकेल. तुम्ही सिटीवर पैसे लावले तर सिटीनं दहापेक्षा जास्त फरकानं जिंकायला हवं. सिटी सात गुणांनी जिंकली तर पेपरात सिटीचा विजय छापून येईल आणि तुमचे पैसे मात्र जातील.

युक्ती साधी वाटते, पण तिनं खेळाचं अंतरंगच बदललं. सामना विकायचा म्हणजे हरायचं, हा जुना अर्थ. आपल्याकडे त्याला नूरा कुस्ती म्हणतात: दोन्ही मल्लांनी आधीच ठरवून घेतलेली. इथे हरायचीही गरज नव्हती. जिंका, पण बेतानं जिंका. एखादा पास अर्धा वीत लांब टाका, एखादा फ्री-थ्रो कड्यावर आपटू द्या. कॉलेजला विजय मिळेल, बुकीला फरक मिळेल, तुम्हाला पाकीट मिळेल. कोणाचं काही गेलं नाही, असं वीस वर्षांच्या मुलाला पटवणं किती सोपं! वर्तमानपत्रं हे फरकाचे आकडे राजरोस छापत होती. गार्डनमध्ये निकाल केव्हाच स्पष्ट झालेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला एखाद्या फुटकळ बास्केटवर अख्खं सभागृह का ओरडतंय, हे कोर्टवरच्या प्रत्येक मुलाला कळत होतं.

मुलांचं पहिलं शिक्षण मात्र गार्डनमध्ये झालं नाही. ते झालं कॅट्सकिलच्या डोंगरांत. न्यूयॉर्कची ज्यू मध्यमवर्गीय कुटुंबं उन्हाळ्यात तिथल्या हॉटेलांत मुक्कामाला जात. त्यांच्या करमणुकीसाठी हॉटेलवाले कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंना कामावर ठेवत. दिवसा ताटं वाढायची, बॅगा उचलायच्या, रात्री दुसऱ्या हॉटेलच्या संघाशी खेळायचं. पाहुणे आपसांत वर्गणी काढून चिठ्ठ्या घेत. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ज्याच्या चिठ्ठीवर निघेल, त्याला सगळा गल्ला. मग कुणीतरी खेळाडूच्या कानात सांगे, की आज बेरीज अमुक आली तर तुझाही त्यात वाटा. आकडा जुळवायला मुलं तिथे शिकली.

आकडा म्हटलं की आपल्याला मटका आठवतो, आणि इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईचा आकडा सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या जिवावर. तिथल्या बाजाराचे उघडताना आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला येत आणि त्यांवर इथे पैसे लागत. पुढे ते भाव येणं थांबलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले. न्यूयॉर्कच्या सटोडियाला मुंबईचा माणूस परका वाटला नसता.

*

१९४९-५० च्या मोसमात होल्मन यांच्या हाती जो संघ आला, त्यात चार मुलं दुसऱ्या वर्षाची होती. एड रोमन हा सहा फूट सहा इंचांचा सेंटर, ब्राँक्सचा. एड वॉर्नर हार्लेमचा. फ्लॉइड लेन ब्राँक्सचा. अ‍ॅल रॉथ ब्रुकलिनचा. पाचवा अर्विन डॅम्ब्रॉट, शेवटच्या वर्षाचा आणि कर्णधार. तिघं ज्यू, दोघं कृष्णवर्णीय, पाचही न्यूयॉर्कचेच. आज यात विशेष काही वाटणार नाही. तेव्हा ‘एनबीए’मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि दक्षिणेतल्या कित्येक कॉलेजांचे संघ पूर्ण गोरे होते.

राष्ट्रीय स्पर्धा दोन होत्या. १९३८ ला सुरू झालेली ‘एनआयटी’, जिचं घर गार्डन, आणि १९३९ ची ‘एनसीएए’. आज पहिलीला फारसं कोणी विचारत नाही, पण तेव्हा मान तिचा मोठा होता. सिटीनं मोसमात पाच सामने गमावले होते, देशाच्या क्रमवारीत नाव नव्हतं, तरी घरचा संघ म्हणून आमंत्रण मिळालं. पहिल्याच फेरीत त्यांनी गतविजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला ६५-४६ असं हरवलं. पुढचा सामना केंटकीशी.

केंटकीचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप. १९४८ आणि १९४९, सलग दोन वर्षं ‘एनसीएए’ त्यांनी जिंकली होती. त्यांच्या संघात कृष्णवर्णीय मुलगा नव्हता, आणि येण्याला अजून दोन दशकं होती. सिटीच्या खेळाडूंनी नंतर सांगितलं, की सामन्याआधी त्यांनी हात पुढे केले तेव्हा केंटकीच्या काही मुलांनी तोंड फिरवलं. यानंतर जे घडलं त्याला सामना म्हणणं अवघड आहे. ८९-५०. रप यांच्या चार दशकांहून मोठ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा पराभव. तेव्हा चेंडू अमुक सेकंदांत टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं, तीन गुणांची रेघ नव्हती. संथ खेळाच्या त्या काळात ८९ हा आकडा डोळे चोळून वाचण्यासारखा होता. वॉर्नर सहा फूट तीन इंचांचा, पण बास्केटकडे पाठ करून तो असा काही वळायचा की त्याच्याहून डोक्यानं उंच माणसं चुकीच्या दिशेला उड्या मारत राहायची.

उपांत्य फेरीत ड्यूकेन. त्या संघात चक कूपर होता. महिन्याभरानं, एप्रिल १९५० मध्ये, बोस्टन सेल्टिक्सनं त्याची निवड केली आणि ‘एनबीए’च्या निवडीत नाव पुकारला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. सिटीनं ड्यूकेनला ६२-५२ असं नमवलं. मग १८ मार्चला अंतिम सामन्यात इलिनॉयमधलं ब्रॅडली, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ, ६९-६१. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू वॉर्नर. हा मान कृष्णवर्णीय मुलाला पहिल्यांदाच मिळाला.

लगेच दुसरी स्पर्धा. ओहायो स्टेटवर ५६-५५, एका गुणाचा विजय. नॉर्थ कॅरोलिना स्टेटवर ७८-७३. आणि २८ मार्चला, दहा दिवसांत दुसऱ्यांदा, त्याच गार्डनमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा ब्रॅडली. नॉर्म मेगर या सिटीच्या राखीव खेळाडूचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटून फुटलं. टाके घालून, पट्टी बांधून तो परत आला. शेवटच्या मिनिटात सिटीची आघाडी वितळत वितळत ६९-६८ वर आली. ब्रॅडलीचा जीन मेल्किओर, बुटका, विलक्षण चपळ, चेंडू हिसकावून थेट बास्केटकडे घुसला. डॅम्ब्रॉटनं त्याच्या हातातून तो काढून घेतला. ब्रॅडलीची माणसं म्हणतात फाउल होता, सिटीची म्हणतात नव्हता, आणि हा वाद ती पिढी हयात असेपर्यंत चालला. पंचांची शिट्टी वाजली नाही. डॅम्ब्रॉटनं लांबवर फेकलेला चेंडू पट्टी बांधलेल्या मेगरच्या हाती पडला आणि त्यानं तो कड्यातून टाकला. ७१-६८.

रात्री मुलं ब्रॉडवेवर साखळी करून नाचली. ‘अ‍ॅलागरू’ ही कॉलेजची आरोळी, जिचा अर्थ सुसर आणि कांगारू यांचं पोर असाही लावतात, शहरभर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुटीच झाली. शिंप्यांच्या आणि मोलकरणींच्या पोरांनी देशाला हरवलं होतं, आणि तेही फी न भरता. मला त्या रात्रीचं वर्णन वाचताना दर वेळी पुढची पानं उलटायला नको वाटतं.

*

न्यूयॉर्कचा एक दागिन्यांचा व्यापारी होता, साल्वातोरे सोलाझो. आधी तुरुंगात जाऊन आलेला, जुगारी. १९५० च्या उन्हाळ्यात कॅट्सकिलच्या हॉटेलांत त्याची ओळख लाँग आयलंड युनिव्हर्सिटीचा खेळाडू एडी गार्डशी झाली. गार्ड मुलांना ओळखत होता, मुलं गार्डला. दलालाला याहून जास्त काय लागतं?

त्या डिसेंबरात दोन्ही करंडकांचा धनी असलेला सिटीचा संघ मिसूरीकडून ३७-५४ असा हरला. मग अ‍ॅरिझोनाकडून ३८-४१. जानेवारीत बोस्टन कॉलेजकडून ५९-६३. इथे ‘बेतानं जिंका’ हे तत्त्वही उरलं नव्हतं, मुलं हरत होती. तीनही सामने विकलेले होते. एका सामन्याचे एकेकाला हजार-दीड हजार डॉलर. (मार्चमधल्या दोन्ही स्पर्धांतले सामने विकल्याचा आरोप मात्र कधीच झाला नाही. ते विजय खरे होते.) बारीक नजरेच्या काही पत्रकारांना शंका आली होती. होल्मन यांना आली होती का, हा प्रश्न ते १९९५ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले तोवर त्यांची पाठ सोडत नव्हता. ते नाही म्हणत राहिले. ज्या माणसाला चार बोटांचा चुकलेला पास सभागृहाच्या पलीकडच्या टोकावरून दिसायचा, त्याला हे दिसलं नसेल यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

फोडलं ते दुसऱ्याच कॉलेजच्या मुलानं. मॅनहॅटन कॉलेजचा (नाव मॅनहॅटन, जागा ब्राँक्समध्ये) जूनियस केलॉग, सहा फूट आठ इंच, त्या संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. जानेवारी १९५१ मध्ये त्याच्या जुन्या सहकाऱ्यानं त्याला सामन्यात ‘फरक सांभाळण्याचे’ एक हजार डॉलर देऊ केले. केलॉग तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानात किमान मजुरीवर काम करत होता. त्यानं प्रशिक्षकाला सांगितलं, प्रशिक्षकानं पोलिसांना. मुलांच्या गरिबीवर सगळा दोष टाकायला निघालेल्या माझ्यासारख्यांना केलॉग मध्येच अडवतो. तोही गरीबच होता.

१७ फेब्रुवारीच्या रात्री सिटीनं फिलाडेल्फियात टेम्पल विद्यापीठाला ९५-७१ असं हरवलं. परतीच्या गाडीत साध्या वेशातले पोलीस होते. पेन स्टेशनवर वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना नेलं. पहाटेपर्यंत तिघांनी कबुली दिली. दोन-तीन दिवसांत लाँग आयलंडचे तिघे, त्यांत शर्मन व्हाइट, त्या मोसमात देशात सर्वाधिक सरासरीनं गुण करणारा खेळाडू.

कॉलेजात मुलांनी सभा घेतली. उरलेल्या संघाचा जयजयकार केला, आणि सगळ्यांत मोठ्यानं फ्लॉइड लेनच्या नावाचा. तो पकडला गेला नव्हता. तो शिल्लक होता. आठवड्याभरानं पोलीस त्याच्याकडे आले. लेननं त्यांना ब्राँक्समधल्या घरी, आपल्या खोलीत नेलं आणि फुलझाडाच्या कुंडीतून रुमालात गुंडाळलेल्या नोटा काढून दिल्या. मोजल्या, २,८९० डॉलर भरले. मिळाले होते तीन हजार. एवढ्या महिन्यांत खर्च झाले एकशे दहा.

या प्रकरणातल्या साऱ्या आकड्यांत हा मला सर्वांत जास्त बोलका वाटतो. पैसे उधळायला घेतले नव्हते. घेतल्यावर त्यांचं काय करायचं हेही त्याला कळलं नव्हतं. मातीखाली पुरलेली ती पुरचुंडी रोज खोलीत डोळ्यांसमोर, आणि वरच्या झाडाला कुणीतरी पाणी घालत असणार.

मार्चच्या अखेरीस डॅम्ब्रॉट, मेगर आणि हर्ब कोहेन यांच्यावरही आधीच्या मोसमातल्या सामन्यांसाठी आरोप झाले. म्हणजे तो खणखणीत शेवटचा पास देणारा आणि पट्टी बांधून तो घेणारा, दोघंही. संघाची साथ न सोडलेल्या ज्यो गॅलिबर या सहकर्णधाराचं नाव कुठेच आलं नाही. तो पुढे वकील झाला आणि ब्राँक्समधून न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून गेला.

*

देशाच्या इतर भागांत तेव्हा एक समाधानाचा सूर होता: हे न्यूयॉर्कचं आहे. मोठं शहर, ज्यू, कृष्णवर्णीय, कम्युनिस्ट, तिथे असंच व्हायचं. रप यांनी जाहीरपणे सांगितलं, की जुगाऱ्यांना दहा फुटी काठीनंही माझ्या मुलांना शिवता येणार नाही. हे १९५१ च्या उन्हाळ्यात. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या दोन्ही विजेतेपदांचे खांब असलेले राल्फ बिअर्ड आणि अ‍ॅलेक्स ग्रोझा पकडले गेले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदकविजेते. १९४९ च्या ‘एनआयटी’त लोयोलाविरुद्ध फरक राखण्याचे पैसे त्यांनी घेतले होते आणि त्या नादात सामनाच गमावला होता. ब्रॅडलीचीही मुलं निघाली. चपळ मेल्किओर १९५१ च्या ‘एनबीए’ निवडीत अख्ख्या देशात पहिला पुकारला गेलेला खेळाडू. तो ‘एनबीए’त एकही सामना खेळला नाही.

एकूण बेरीज अशी: सात कॉलेजं, ३२ खेळाडू, १९४७ ते १९५० या काळातले ८६ सामने. आणि ही जिथवर तपास पोचला तिथवरची.

शिक्षा नोव्हेंबर १९५१ मध्ये झाल्या. न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी सोलाझोला आठ ते सोळा वर्षं दिली. बहुतेक खेळाडूंची शिक्षा स्थगित झाली, काहींना तुरुंगाऐवजी सैन्यात जाण्याची मुभा मिळाली. शर्मन व्हाइटला एक वर्ष आणि एड वॉर्नरला सहा महिने झाले, ते मात्र भोगावे लागले. दोघंही कृष्णवर्णीय. स्ट्राइट यांनी कॉलेजांनाही झोडपलं. सिटीतही काही खेळाडूंच्या शाळेच्या गुणपत्रिका प्रवेशासाठी फिरवल्याचं चौकशीत निघालं. गुणांवर उभं राहिलेल्या कॉलेजात! मुलांनी कोर्टवर गुण इकडचे तिकडे करायच्या आधीच कुणीतरी कार्यालयात ते करून ठेवले होते.

त्याच सुमारास नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये हॅरी ग्रॉस नावाच्या बुकीचं प्रकरण चालू होतं. तो पोलिसांना वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात हप्ता देत होता. ऐन वेळी त्यानं साक्ष द्यायला नकार दिला आणि पोलिसांवरचा फौजदारी खटला कोसळला, जरी पुढे बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. चौकशीचा धूर निघत असताना, ऑगस्ट १९५० मध्येच, शहराचे महापौर विल्यम ओड्वायर राजीनामा देऊन मेक्सिकोत राजदूत म्हणून गेले होते. बुकी ज्या शहरात वर्षानुवर्षं सुखानं धंदा करत होते, त्या शहरानं खेळाच्या पावित्र्याचा हिशेब मागितला तो वीस वर्षांच्या पोरांकडे.

कॉलेजनं गार्डनमध्ये खेळणं सोडलं. होल्मन यांना १९५२ मध्ये निलंबित केलं. त्यांनी लढून १९५४ मध्ये पद परत मिळवलं, पण तोवर परत मिळवण्याजोगं काही उरलं नव्हतं. सिटीचा संघ छोट्या कॉलेजांशी, छोट्या जिमखान्यात खेळू लागला. आज तो ‘डिव्हिजन थ्री’मध्ये, शिष्यवृत्ती नसलेल्या संघांत खेळतो.

डॅम्ब्रॉट दंतवैद्य झाला. रोमननं पुढे शिकून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ‘एनबीए’चे दरवाजे बंद झालेले वॉर्नर, लेन, व्हाइट हे शनिवार-रविवारी पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा-गावांतल्या ‘ईस्टर्न लीग’मध्ये खेळत राहिले. गाडीनं दोन-तीन तास जायचं, खेळायचं, थोडे पैसे घ्यायचे, रात्रीच परत. आता ते पैसे कायदेशीर होते.

आज हे वाचताना कसनुसं होतं, कारण जमीनच बदलली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या जुगाराला राज्यांना परवानगी देता येईल असा निकाल दिला. फरकाचे आकडे आता टीव्हीच्या पडद्यावर, सामन्याच्या मधल्या जाहिरातीत, राजमान्य कंपन्यांच्या नावानिशी येतात. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमवायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. म्हणजे १९५० च्या गार्डनमधले सगळे व्यवहार आता उजळ माथ्यानं होतात. एक सोडून. फरक विकणं अजूनही गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. वॉर्नर आणि लेननं जे केलं ते मी धुऊन काढू पाहत नाही. मिसूरीविरुद्धच्या त्या रात्री गार्डनमध्ये तिकीट काढून बसलेली मुलं त्यांच्याच वर्गातली होती.

*

१९७४ मध्ये सिटी कॉलेजला बास्केटबॉलसाठी नवा प्रशिक्षक हवा होता. निवड झाली फ्लॉइड लेनची. कुंडीला तेवीस वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांनी शहराच्या वस्त्यांमधल्या मैदानांवर दोन पिढ्यांची पोरं शिकवली होती. ज्या टेकडीवरून त्यांना पोलिसांच्या मागे उतरावं लागलं, तिथे ते चौदा वर्षं प्रशिक्षक राहिले. आता वर्गांत ज्यू मुलं कमी होती, हार्लेमची, पोर्टो रिकोची, डॉमिनिकन मुलं जास्त. भुयारी रेल्वेनंच यायची, संध्याकाळी कामावर जायची.

लेन परत आले त्याच सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर उभं होतं. खर्च कापायची यादी निघाली आणि १९७६ मध्ये सिटी कॉलेजानं, स्थापनेनंतर १२९ वर्षांनी, पहिल्यांदा फी लावली. होल्मनच्या पोरांना शहरासाठी खेळण्याचे पैसे मिळत नव्हते. लेनच्या पोरांना त्या वर्षापासून ते भरावे लागले.